कसबी हाताला मास्तरकीचा दाखला



गेल्या वर्षभरात आपल्या समाजातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. घरे वेगळी, देशही वेगळे, पण प्रश्न तोच. "मुलगा वीस-बावीस वर्षे इलेक्ट्रिशियन आहे. कामात हुशार. आता गुडघे बोलायला लागले, शिडी चढवत नाही. कॉलेजात पोरांना शिकवायला जायचे म्हणतो. पण डिग्री नाही. त्याला कोण घेणार?" मी फिटर म्हणून हात काळे केले, मग इंग्लंडमध्ये तांत्रिक कॉलेजात शिकवून निवृत्त झालो. म्हणून लोक मला विचारतात.

थोडक्यात उत्तर असे की इंग्लंडमध्ये त्याला घेतात, आणि आता तिथून शाळेतही पक्का शिक्षक म्हणून जाता येते. पण ही वाट काही देवाने आयती दिलेली नाही. ती बरीच उशिरा झाली, कोणीतरी मागणी लावून धरली म्हणून झाली, आणि अजून पुरी झालेली नाही. ती कशी झाली आणि आपल्या घरच्या माणसांनी ती कशी धरावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याला कारागिरी नवी नाही

आपले वाडवडील कोकणात घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. मुंबईत आल्यावर आपल्यातले कितीतरी लोक सुतार झाले, गवंडी झाले, गोदीत आणि रेल्वेच्या कारखान्यात लागले, पलटणीत गेले. पुढे 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. शाळा आली तशी लेखणी आली, लेखणीबरोबर कारकुनी आली, आणि हळूहळू रंधा-करवत माळ्यावर गेले. त्यात वाईट काही नाही. पण एक समजूत मात्र घरात शिरली, ती अशी की ज्याला अभ्यास जमत नाही त्याने हाताचे काम करावे.

ही समजूत आपल्या धर्माची नव्हे. बापाने मुलासाठी काय काय करावे याची यादी तालमूदमध्ये दिलेली आहे. त्यात तोरा शिकविणे आहे, तसेच धंदा शिकविणेही आहे. दोन्ही एकाच यादीत. ओर्त ही संस्था 1880 साली रशियात निघाली तीही याच विचाराने, की गरीब ज्यू मुलाच्या हाताला हुन्नर मिळाला तर तो आपल्या पायावर उभा राहील. तिचे काम 1960 नंतर मुंबईतही सुरू झाले, आणि आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींना त्याचा फायदा झाला. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांना तर ओर्त आणि आमाल ही नावे घरच्यासारखीच आहेत.

पण हुन्नर शिकवायचा म्हणजे शिकवणारा हवा. आणि अडचण इथेच सुरू होते.

काम येणे आणि काम शिकविणे

माझ्या पहिल्या कारखान्यात एक फोरमन होते. त्यांच्यासारखी कानस चालवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. लोखंडाचा तुकडा घासून सपाट करायचे, वर गुण्या ठेवायचे, तर मधून उजेडाची रेघ दिसायची नाही. पण शिकाऊ मुलाने विचारले की "मास्तर, माझा तुकडा मध्ये फुगीर का राहतो?" तर ते म्हणायचे, "अरे, नीट घास." याहून जास्त त्यांना सांगता येत नसे. त्यांचे हात आपोआप बरोबर जात होते. पुढच्या हातावरचा जोर ढकलताना कमी होत जातो आणि मागच्या हातावरचा वाढत जातो, म्हणून कानस झोके खात नाही, हे त्यांच्या हाताला माहीत होते, तोंडाला नव्हते.

उलटीही माणसे पाहिली. डिग्री आहे, फळ्यावर आकृती सुंदर काढतात, पण लेथ सुरू करण्याआधी चकची किल्ली चकमध्ये राहिली की काय हे बघायची सवय नाही. वर्गात सोळा पोरे आणि सोळा यंत्रे असली म्हणजे अशी एक किल्ली पुरते. यंत्र सुरू होताच ती उडते, आणि कोणाच्या तोंडावर बसेल याचा नेम नाही.

म्हणजे गोष्टी दोन आहेत. एक कसब कामाचे, दुसरे कसब शिकविण्याचे. कामाचे कसब कारखान्यात, वर्षे घालवून येते. ते कोणत्याही कॉलेजला दोन वर्षांत देता येत नाही. शिकविण्याचे कसब मात्र शिकता येते. काम पायरी-पायरीने कसे तोडायचे, घाबरट पोराला यंत्रापाशी कसे न्यायचे, धिटाईने पुढे घुसणाऱ्याला कसे थांबवायचे, कामाला मार्क कसे द्यायचे, हे सगळे दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गातही शिकता येते. म्हणून शहाणी व्यवस्था ती, जी पहिले कसब आहे तसे मानते आणि दुसरे स्वतः शिकविते. आधी डिग्री आण मग बघू, असे म्हणणारी व्यवस्था चांगल्या कारागिराला दारातूनच परत पाठवते.

इंग्लंडमध्ये आधी काय होते

इंग्लंडमध्ये शाळा आणि कॉलेज यांच्या वाटा पहिल्यापासून वेगळ्या राहिल्या. इथे कॉलेज म्हणजे विद्यापीठाचे नव्हे, बरं का. सोळा वर्षांनंतर जिथे मुले प्लंबिंग, सुतारकाम, स्वयंपाक, मोटारदुरुस्ती असले धंदे शिकतात, ते. त्याला इकडे फर्दर एज्युकेशन म्हणतात.

1944 च्या मॅकनेअर अहवालानंतर तंत्रशिक्षकांना तयार करण्याकडे सरकारचे लक्ष गेले. महायुद्ध संपल्यावर लंडन, बोल्टन आणि हडर्सफिल्ड इथे त्यांच्यासाठी खास कॉलेजे निघाली, आणि 1961 मध्ये वॉल्व्हरहॅम्प्टनला आणखी एक. जे नोकरी सोडू शकत नव्हते त्यांच्यासाठी सिटी अँड गिल्ड्सचा संध्याकाळचा अभ्यासक्रम होता. ही संस्था 1878 ची. तिच्या परीक्षांचे नाव मुंबईच्या जुन्या लोकांनीही ऐकलेले असेल. शिक्षकांच्या त्या अभ्यासक्रमाला आम्ही नुसते "सातशे तीस" म्हणायचो, कारण तोच त्याचा क्रमांक. मीही तोच केला. आठवड्यातून एक संध्याकाळ, वर्गात गवंडी, केस कापणाऱ्या बाया, बेकर, वेल्डर, सगळे एका बाकावर. कोणालाही आपला धंदा पुन्हा शिकावा लागला नाही. फक्त तो दुसऱ्याला कसा द्यायचा ते शिकलो.

शाळेची गोष्ट निराळी. शाळेत मुलग्यांना लाकूडकाम आणि धातुकाम, मुलींना स्वयंपाक आणि शिवण, अशी विभागणी कितीतरी वर्षे होती. पुढे ती मोडली, विषयाची नावे बदलली, आणि 1990 मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमात डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा एकच विषय मुलामुलींसाठी आला. 2004 पासून चौदा वर्षांपुढे तो सक्तीचा राहिला नाही. त्या विषयाच्या शिक्षकांची तर कायमच ओढाताण असते. शाळांच्या कार्यशाळा बंद पडतात त्या यंत्रे मोडली म्हणून थोड्याच, बऱ्याचदा यंत्रापाशी उभा राहणारा माणूस मिळत नाही म्हणून.

एका दारातून आत, दुसऱ्या दारातून बाहेर

2007 साली सरकारने कॉलेजच्या शिक्षकांसाठी एक नवा दाखला आणला. त्याचे नाव क्वालिफाइड टीचर लर्निंग अँड स्किल्स, लोक क्यूटीएलएस म्हणतात. शाळेच्या शिक्षकांचा दाखला क्यूटीएस, तो आधीपासूनच होता. ऐकायला दोन्ही जुळ्या भावांसारखे. पण वागणूक सावत्र.

शाळेचा क्यूटीएसवाला शिक्षक कॉलेजात गेला तर तो तिथे शिक्षक. कॉलेजचा क्यूटीएलएसवाला शाळेत गेला तर तो तिथे शिक्षक नव्हे, नुसता इन्स्ट्रक्टर. पगार कमी, मान कमी. माझ्या नात्यातल्या एकाला हे भोगावे लागले. नऊ वर्षे कॉलेजात वायरिंग शिकवलेला माणूस, हातात दाखला, निकाल चांगले. घराजवळच्या एका शाळेला असाच माणूस हवा होता. मुलाखत छान झाली. मग कागद आला, त्यात हुद्दा अप्रशिक्षित शिक्षकाचा आणि पगार त्याप्रमाणे. तो मला म्हणाला, "अंकल, मी शाळेत पाऊल टाकले की माझी नऊ वर्षे कुठे जातात?" त्याने ती नोकरी घेतली नाही. शाळेने तो विषयच पुढच्या वर्षी बंद केला. तोटा त्याचा झाला तसा त्या पोरांचाही झाला.

2012 चा बदल

2010 मध्ये सरकारने लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांना चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या व्यवसाय शिक्षणाची तपासणी करायला सांगितले. त्यांचा अहवाल मार्च 2011 मध्ये आला. त्यात 27 शिफारशी होत्या. त्यांतली एक नेमकी आपल्या प्रश्नावर होती. क्यूटीएलएस असलेल्या शिक्षकाला शाळेतही पूर्ण शिक्षक माना, असे तिचे सार. कारण साधे होते. शाळा मुलांना व्यवसायाचे विषय द्यायला निघाल्या, पण ते ज्यांना खरोखर येतात ती माणसे कॉलेजात, आणि मध्ये भिंत.

सरकारने शिफारस मानली. 1 एप्रिल 2012 पासून इंग्लंडमधल्या शाळांत क्यूटीएलएस आणि क्यूटीएस बरोबरीचे धरले जातात. नवीन शिक्षकाला शाळेत जो उमेदवारीचा काळ काढावा लागतो तोही या लोकांना सक्तीचा नाही. कोणाला कोणता विषय द्यायचा हे मात्र त्या त्या शाळेच्या हेडमास्तरांनी ठरवायचे. तेही योग्यच आहे. प्लंबरला दाखला मिळाला म्हणून त्याने इतिहास शिकवावा असे कोणी म्हणत नाही.

त्या वेळी कुरकूर झाली. काही म्हणाले, अशाने शाळांचा दर्जा खाली येईल. दुसरीकडे काही जुने कारागीर म्हणाले, तीस वर्षे काम केले, आता आम्हाला शिकवायला कोण शिकवणार, दाखला हवाच कशाला? मला दोघांचे म्हणणे पटले नाही. पहिल्यांना चांगला कारागीर म्हणजे काय हे माहीत नाही. दुसऱ्यांना आमच्या त्या फोरमनसारखी माणसे भेटलेली नाहीत.

ही वाट प्रत्यक्ष कशी चालायची

आता ज्यांच्या घरी असा मुलगा, सून, नातू आहे त्यांच्यासाठी.

पहिली पायरी, धंद्याची कागदपत्रे. आपल्या कामाची पात्रता, शिकाऊपणाचा दाखला, कुठे किती वर्षे काम केले त्याची पत्रे. कॉलेज घेताना हेच आधी बघते. विद्यापीठाची डिग्री असलीच पाहिजे असे नाही.

दुसरी पायरी, आठवड्याला थोडे तास शिकवायला सुरुवात करणे. पुष्कळ कॉलेजांना संध्याकाळचा एखादा वर्ग घेणारे लोक लागतात. नोकरी न सोडता कळते की हे आपल्याला जमते की नाही. 2018 मध्ये सरकारने टेकिंग टीचिंग फर्दर नावाची योजनाही आणली. तिच्यात धंद्यातून येणाऱ्या माणसाला शिक्षक करण्यासाठी कॉलेजला पैसे मिळू लागले.

तिसरी पायरी, शिकविण्याचा डिप्लोमा. हा पाचव्या पातळीचा, म्हणजे डिग्रीच्या खालचा. पूर्ण वेळ केला तर साधारण एक वर्ष, नोकरी सांभाळून केला तर साधारण दोन वर्षे. त्यात प्रत्यक्ष वर्ग घेणे आलेच, आणि कोणीतरी मागे बसून पाहते. 2024 पासून त्याचे नाव आणि रचना बदलली आहे, म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नये, कॉलेजात विचारावे.

चौथी पायरी, इंग्रजी आणि गणित. दोन्ही दुसऱ्या पातळीचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत पास होण्याइतके. आपल्याकडून प्रौढपणी आलेले लोक इथे अडकतात. पण मोठ्यांसाठी याचे वर्ग कॉलेजातच असतात. लाज वाटून घेऊ नये.

पाचवी पायरी, क्यूटीएलएस. त्यासाठी सोसायटी फॉर एज्युकेशन अँड ट्रेनिंग या संस्थेचे सभासद व्हावे लागते. मग काही महिने आपल्या शिकविण्याची नोंद ठेवायची, आपण काय सुधारले ते पुराव्यासह लिहायचे, अनुभवी सहकाऱ्याची साक्ष जोडायची. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, शाळेतली बरोबरी टिकवायची तर सभासदत्व चालू ठेवावे लागते. ते चुकले तर शाळेतला तो हुद्दा धरला जात नाही.

आणि हो, ही मान्यता इंग्लंडपुरती. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे.

अजून काय राहिले

सगळे गोड झाले असे समजू नका. कॉलेजच्या शिक्षकाचा पगार शाळेच्या शिक्षकाहून कमी असतो, आणि चांगला इलेक्ट्रिशियन बाहेर दोघांपेक्षाही जास्त मिळवतो. वाट उघडली तरी तिच्यावर चालणारे थोडे, त्याचे हे मोठे कारण.

दुसरे, नावे आणि नियम फार बदलतात. 2007 मध्ये कॉलेजच्या शिक्षकाला दाखला सक्तीचा केला, 2013 मध्ये सक्ती काढून टाकली. दाखला देणारी पहिली संस्था 2014 मध्ये बंद झाली, काम दुसरीकडे गेले. आता 2020 पासून टी लेव्हल नावाचे दोन वर्षांचे नवे अभ्यासक्रम आहेत. त्यात मुलांना निदान 315 तास खऱ्या कामाच्या जागी घालवावे लागतात. म्हणजे ज्याने खरे काम केले आहे अशा शिक्षकाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. अशा वेळी पन्नाशीच्या कारागिराला दर पाच वर्षांनी नवे नाव शिकायला लावणे बरे नव्हे.

मुंबईच्या वाचकांना हे सगळे परके वाटू नये. भारतात आयटीआय 1950 पासून आहेत, आणि त्यांच्या निदेशकांसाठी वेगळे प्रशिक्षण आहे. धंद्याचा दाखला असलेल्या माणसाने साधारण एक वर्षाचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा अभ्यासक्रम करायचा. मुंबईत चुनाभट्टीला त्याची केंद्र सरकारची संस्था आहे. म्हणजे आधी कसब, मग शिकविण्याची कला, हा विचार तिथेही तोच. आपल्या नातेवाइकांत कोणी आयटीआय झालेला, कारखान्यातून सुटलेला असेल तर त्यानेही चौकशी करायला हरकत नाही.

आपण म्हातारी माणसे काय करू शकतो

आपल्या हातात नियम नाहीत, पण जुनी कागदपत्रे आहेत. घरातल्या कारागिराची पत्रे, जुन्या मालकांची प्रशस्तिपत्रे, शिकाऊपणाचे करारनामे एका फाइलमध्ये लावून ठेवा. कारखाना बंद पडला की नंतर तसे पत्र द्यायला कोणी उरत नाही. अजून साहेब जिवंत असतील, फर्म चालू असेल, तर तारखांसह पत्र आजच मागून घ्या.

आणि तोंडही आपल्याच हातात आहे. नातू म्हणाला की मला सुतार व्हायचे, तर "अभ्यास जमत नाही का?" असे विचारू नका. कामात मुरलेला मुलगा म्हणाला की मला शिकवायचे आहे, तर "तुला कोण मास्तर करणार" असे म्हणू नका. त्याला सांगा की दाखल्याची वाट आहे, तिला पाच पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीचे कागद आजीच्या कपाटात आहेत.